सरदारांची दुडकी

घोड्यावर बसलेला माणूस रुबाबदार दिसतो. घोड्याचा दोर धरून शेजारून धावणारा माणूस रुबाबदार दिसत नाही, आणि रविवारी मोतद्दार सुट्टीवर असल्याने ते काम माझ्याकडे आलं आहे.

लेक पुण्याबाहेरच्या एका क्लबात घोडेस्वारी शिकते. तिचं तट्टू 11 हँड उंच. एक हँड म्हणजे 4 इंच, तेव्हा खांद्यापाशी 44 इंच. नाव मात्र सरदार, आणि वागणंही जहागीर असल्यासारखं. एवढ्याशा पाठीवर मोठ्या माणसाने बसायचं नसतं, म्हणून सरदारांचा सराव जमिनीवरूनच घ्यावा लागतो. जमिनीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे लाकडी पोल आडवे मांडायचे आणि सरदारांना त्यांवरून न्यायचं. पाय उचलायची सवय लागते, पाठ-पोट कसतं, लक्ष ठिकाणावर राहतं. उस्ताद हे सांगतात तेव्हा ते घोड्याबद्दलच बोलत असावेत असं मी धरून चालतो.

आमच्या आधी मोठ्या घोड्यांचा तास असतो. त्यांच्या दुडक्या चालीला पोलांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर लागतं. सरदारांना तीन-साडेतीन फूट पुरे. तेवढंही मोजूनमापून ठेवायचं नाही, आधी त्यांची चाल बघायची. अंतर जास्त झालं की ते मध्ये एक फुकटचं पाऊल घालतात, नाहीतर सरळ उडी मारतात. दोनच पोल असले तर हमखास दोन्ही एका उडीत, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला मी. म्हणून आधी एक, मग एकदम तीन. हे जड ओंडके सरकवायचे कोणी, हे सांगायला नकोच.

एका पालकांनी प्लंबिंगचे पाइप वापरायचं सुचवलं. उस्ताद म्हणाले, "पाय पडला की पाइप गोल फिरतो. घोड्याचा पाय मुरगळला तर तुमचा लावू का साहेब?" तो विषय तिथेच संपला.

खरी गंमत डोळ्यांची आहे. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. पोल लांबूनच बघून ठेवायचा आणि पायाखाली येईपर्यंत लक्षात ठेवायचा. सरदारांना तो उत्तम लक्षात राहतो. माझ्या खिशातलं गाजर त्याहून जास्त. त्यामुळे पहिले दोन पोल टापांच्या सुरेख ठेक्यात पार होतात आणि तिसऱ्यावर स्वारी थांबते. पुढचे पाय पलीकडे, मागचे अलीकडे, पोल पोटाखाली, तोंड माझ्या खिशात.

"बाबा, त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, पुढे बघ!" लेक कुंपणावर बसून ओरडते. पुढे बघितलं की पोल मला दिसत नाही. माणसाच्या जातीला मागचं-बाजूचंही फारसं दिसत नाही, त्यामुळे मी अडखळतो. सरदार सहसा अडखळत नाहीत. ते थांबून माझी वाट बघतात.

पुढच्या रविवारपासून पोलांची टोकं आलटूनपालटून अर्धी वीत उचलायची आहेत. सरदारांच्या चारही पायांना क्लबाचे पॅडवाले बूट आहेत. माझ्या दोन गुडघ्यांची सोय मेडिकलच्या दुकानातून मीच करायची आहे.