‘अमेरिकेत दुकान लुटलं तरी काही होत नाही’ म्हणे

दर दोन-तीन महिन्यांनी एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत येतो. तोंड झाकलेला माणूस दुकानातल्या फळीवरचा माल पिशवीत भरतोय आणि कर्मचारी नुसते बघतायत. खालचा मजकूर साधारण असा: अमेरिकेत ९५० डॉलरपर्यंत दुकान लुटायला परवानगी आहे, पकडला तरी संध्याकाळी घरी, शिक्षा झालीच तर पॅरोलवर, म्हणजे मुदत संपण्याआधीच अटींवर, लगेच सुटका, आणि सराईत गुन्हेगाराचंही कुणी वाकडं करत नाही. आपले न्यू जर्सीचे नातेवाईकही हे पुढे ढकलतात, त्यामुळे त्यात तथ्य असावं असं वाटतं.

आधी ते ९५० डॉलर. हा आकडा कॅलिफोर्निया या एका राज्याचा. तिथे २०१४ साली जनमताने बदललेल्या कायद्यात किरकोळ चोरीची मर्यादा ९५० डॉलर आहे. त्याखालची चोरी म्हणजे छोटा गुन्हा, पण गुन्हाच. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. टेक्सासमध्ये हीच मर्यादा २५०० डॉलर आहे. तिथे चोरीला मोकळं रान आहे असा मेसेज मात्र मला अजून कुणी पाठवलेला नाही. शिवाय २०२४च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्याच मतदारांनी कायदा पुन्हा कडक केला. आधी दोनदा चोरीत शिक्षा झालेल्यावर तिसऱ्या वेळी रक्कम कितीही लहान असली तरी मोठा गुन्हा लावता येतो. आणि हे सगळं गुपचूप उचलून नेण्यापुरतं. धमकी दिली, धक्काबुक्की केली, पिस्तूल दाखवलं की ती लूट होते आणि मग गल्ल्यात वीस डॉलर होते की दोन हजार, याला महत्त्व उरत नाही. आपल्याकडेही बळ किंवा भीती आली की चोरीची जबरी चोरी होतेच.

पोलीस छोट्या चोरीकडे दुर्लक्ष करतात, दुकानदार तक्रार करून थकतात, मोठ्या साखळी दुकानांत कर्मचाऱ्यांना ‘अडवू नका’ असं सांगितलेलं असतं, हे खरंच आहे. पण तो अंमलबजावणीचा प्रश्न झाला, परवानगीचा नव्हे.

आता सराईत गुन्हेगार. इथे हा मेसेज नुसता चुकत नाही, उलट्या दिशेला जातो. अमेरिकेत बहुतेक लुटीचे खटले राज्यांच्या कोर्टात चालतात. पण एकच माणूस पिस्तूल घेऊन ओळीने दुकानं लुटू लागला की केंद्राचे सरकारी वकील प्रकरण हाती घेऊ शकतात. किराणा दुकान लुटलं म्हणून सीबीआय आल्यासारखं आपल्याला वाटेल. त्यामागे १९४६चा हॉब्स कायदा आहे. लुटीमुळे आंतरराज्य व्यापारावर परिणाम झाला तर गुन्हा केंद्राच्या कक्षेत येतो आणि त्यासाठी अगदी थोडा परिणामही पुरतो. दुकानात दुसऱ्या राज्यातून आलेला माल असतोच. या कलमाखाली प्रत्येक लुटीला २० वर्षांपर्यंत कैद.

खरी गंमत केंद्राच्याच कायद्यातल्या बंदुकीच्या कलमात आहे. हिंसक गुन्ह्यात बंदूक जवळ बाळगली तर किमान ५ वर्षं, रोखली तर ७, झाडली तर १०. ही शिक्षा लुटीच्या शिक्षेत विरघळत नाही, ती संपल्यावर वेगळी भोगावी लागते. आपल्या वर्तमानपत्रांत ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत’ असं वाक्य नेहमी दिसतं. इथे कायदाच तसं करू देत नाही. न्यायाधीशाला कितीही वाटलं तरी नाही.

२०१८पर्यंत तर हिशेब आणखी भयानक होता. एखाद्याने एकाच आठवड्यात तीन दुकानांत पिस्तूल रोखलं, तर पहिल्याचे ७ आणि पुढच्या प्रत्येकाचे २५, म्हणजे ५७ वर्षं, तीही नुसत्या बंदुकीची. आधी कधी तुरुंग पाहिला नसला तरीही. कारण एकाच खटल्यातला दुसरा आरोपही ‘पुन्हा केलेला गुन्हा’ धरला जाई. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानेच हा अर्थ मान्य केला होता. डिसेंबर २०१८च्या सुधारणेनंतर २५ वर्षं फक्त त्याला, ज्याला या कलमाखालची आधीची शिक्षा कायम झाली आहे. बाकीच्यांना त्याच तीन लुटींचे ७-७-७, म्हणजे २१. यालाच तिकडे ‘सौम्य केलेला कायदा’ म्हणतात.

याशिवाय १९९४चा ‘तीन वेळा’ नियम आहे. आधी दोन गंभीर हिंसक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्याने शस्त्र दाखवून लूट केली आणि सरकारी वकिलांनी तशी रीतसर नोटीस दिली, तर सक्तीची जन्मठेप. राज्यांचेही असे नियम होते. ज्या कॅलिफोर्नियाच्या नावाने हा मेसेज फिरतो, तिथेच १९९५ साली दोन दुकानांतून मिळून सुमारे १५० डॉलरच्या नऊ व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्याला किमान ५० वर्षांची जन्मठेप झाली, कारण त्याच्या नावावर जुन्या घरफोड्या होत्या. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवली. मला विचाराल तर टीका करायची असेल तर ती इथे करावी.

‘संध्याकाळी घरी’ हेही केंद्राच्या कोर्टात जमत नाही. बंदुकीचं हे कलम लागलं की आरोपीला आत ठेवावं असंच कोर्ट मुळात गृहीत धरतं; बाहेर सोडणं धोक्याचं नाही असं दाखवायची सुरुवात आरोपीकडून व्हावी लागते.

आणि पॅरोल? केंद्रीय तुरुंगांत नोव्हेंबर १९८७नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोलच नाही. चांगल्या वागणुकीची सूट वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस, म्हणजे दहा वर्षांची शिक्षा झाली तर साधारण साडेआठ वर्षं आत. २०१८च्या कायद्याने शिबिरं-अभ्यासक्रम पूर्ण करून लवकर सुटण्याची सोय केली, पण बंदुकीच्या या कलमाखालच्या कैद्यांना तीतून वगळलं आहे. सुटल्यावरही काही वर्षं देखरेख असते. त्या काळात पुन्हा दुकानात पिस्तूल घेऊन शिरला, तर नव्या खटल्याआधीच जुन्या अटी मोडल्या म्हणून परत आत जाऊ शकतो.