दगड मारून उडवलेला थवा

काल सकाळपासून माझे डोके फिरलेले आहे. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात धरणाच्या काठावर ओल्या मातीत पालथा पडून, निफाडच्या थंडीत बोटे बधिर झालेली असताना, मी पाऊण तास टिलव्यांच्या, म्हणजे पाणकाठी चरणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांच्या, एका थव्याची वाट पाहिली. मी हललो नाही, म्हणून थवा चरत चरत माझ्याकडे सरकला आणि अखेर त्यातला एक पक्षी इतका जवळ आला की त्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला लागलेला चिखल आणि डोळ्यातला उन्हाचा ठिपका मला लेन्समधून स्वच्छ दिसत होता. तो दोन पावले धावे, चार ठिकाणी चोच खुपसे, थबके आणि पुन्हा धावे. मी श्वास रोखून बटणावर बोट टेकवले आणि त्याच क्षणी समोरच्या पाण्यात दगड पडला.

टिलवे उडाले, त्यांच्यामागे शेकाटे उडाले, टिटवीने आरडाओरडा करून पलीकडचे चमचा पक्षीही उठवले. मागे वळून पाहिले तर भलीमोठी लेन्स रोखून एक तरुण धडाधड फोटो काढत होता आणि त्याचा मित्र दुसरा दगड शोधत होता. मी उठून जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, "काका, बसलेल्या पक्ष्यांचे फोटो कोण बघतं? फ्लाइट शॉट पाहिजे." मी आवाज चढवल्यावर मित्राने समजूत घातली, "पक्षीच आहेत, येतील परत."

येतील परत! जेमतेम 25 ग्रॅमचा हा जीव सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे हिवाळा काढायला येतो, आणि परतीच्या प्रवासाला लागणारी चरबी त्याला याच चिखलातल्या अळ्या-किड्यांवर साठवायची असते. तुमच्या एका फोटोसाठी त्याने तोंडातला घास टाकून, साठवलेली ताकद जाळून धरणाला फेरी मारायची, आणि तो बसला की तुम्ही पुन्हा दगड उचलणार. थवा आपसूक उठेपर्यंत थांबायची तयारी नसेल, तर हा छंद तुमच्यासाठी नाही. पक्षी बसून कंटाळले की उडतात, कधी वरून ससाणा आला की उडतात. तेव्हा कॅमेरा तयार ठेवणे यालाच छायाचित्रण म्हणतात.

2020 साली नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, तेव्हा आपण नाशिककरांनी किती अभिमानाने एकमेकांना पेढे भरवले होते. अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देऊ नये, हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लिहिलेले आहे, पण दगड मारणे म्हणजे त्रास देणे, हेच ज्यांना मान्य नाही त्यांना कायदा कोणत्या तोंडाने सांगायचा? मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला झुडपाबाहेर काढणारे तर आता दर रविवारी भेटतात, आणि हटकले की "फक्त दोनच मिनिटं" म्हणतात.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. गंगापूर धरणाच्या उतरलेल्या पाण्याकाठी कंठेरी चिखल्याची अंडी होती. त्या पक्ष्याचे घरटे म्हणजे उघड्यावरचा एक खळगा असतो आणि अंडी भोवतीच्या खड्यांसारखीच दिसतात. चौघे जण त्याभोवती उकिडवे बसून क्लोजअप घेत होते आणि मादी दहा हातांवर पंख पाडून जखमी असल्याचे सोंग करत होती, म्हणजे तिने अंड्यांपासून त्यांना दूर न्यायचा प्रयत्न चालवला होता. त्यांनी तिचेही फोटो काढले. भर उन्हात तिने अंड्यांवर सावली धरायची असते, नाही तर आतला जीव भाजून मरतो. मी ओरडून त्यांना उठवले, तर "तुमच्या मालकीची जागा आहे का?" असे ऐकावे लागले. त्याच काठावर पाण्यापर्यंत गाड्या नेऊन चाके धुणारे आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी रंगीत धूर सोडणारे वेगळेच.

काल रात्री तो फ्लाइट शॉट माझ्यापर्यंत पोहोचला. तीनशे जणांनी अंगठा दिला होता, खाली "अप्रतिम", "काय टायमिंग!" अशी रांग लागली होती. चित्रात एकाही पक्ष्याचा डोळा दिसत नव्हता. सगळा थवा पाठमोरा, कॅमेऱ्यापासून दूर पळणारा. मी खाली एवढेच लिहिले, "दगड कोणी मारला?" सकाळी पाहिले तर माझे वाक्य काढून टाकलेले होते.