54 जवान आणि दरवर्षीचा तो फॉरवर्ड

16 डिसेंबर, म्हणजे 1971 च्या भारत-पाक युद्धाचा विजय दिवस, जवळ आला की तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो: "सिमल्यात इंदिरा गांधींनी 93 हजार पाकिस्तानी कैदी सोडले, आपले 54 जवान विसरल्या. नंतर एकाही सरकारने त्यांचं नाव काढलं नाही. ते आजही तिथल्या तुरुंगात खितपत पडलेत."

आधी सिमला. 2 जुलै 1972 च्या करारात कैद्यांच्या सुटकेचा प्रश्न पुढच्या चर्चेवर ढकलला गेला. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल डिसेंबर 1972 मध्ये झाली, तेव्हा सहाशेहून अधिक भारतीय परतले. 93 हजारांची (यात नागरिकही आले) पाठवणी ऑगस्ट 1973 च्या दिल्ली करारानंतर सुरू झाली आणि एप्रिल 1974 मध्ये संपली. लढाई थांबल्यावर कैदी विनाविलंब सोडावेत, असं जिनिव्हा करार सांगतो, त्यामुळे त्यांना कायमचं अडकवून ठेवता येतच नव्हतं. टीका करायचीच तर अशी करा: एवढं पारडं जड असताना आपल्या माणसांचा हिशेब काटेकोरपणे का मागितला नाही?

'नाव काढलं नाही' हे तर साफ खोटं. 1979 मध्ये लोकसभेत 40 जणांची यादी मांडली गेली. 1983 आणि 2007 मध्ये नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले. हाती काही लागलं नाही, आणि आपल्याकडे असा एकही कैदी नाही हे पाकिस्तानचं पालुपद कायम राहिलं. 2011 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला सांगितलं, तर केंद्र सरकारनेच सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती आणली. सरकारला धारेवर धरायला हे पुरेसं आहे, पण फॉरवर्डवाल्यांना ते ठाऊकच नसतं.

राहिलं 'आजही जिवंत'. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान 5 डिसेंबर 1971 ला पाडलं गेलं. पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने 'टॉम्बे' असं नाव छापलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्कारप्राप्त. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी हा पाठपुरावा अनेक दशकं केला. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर 1975 मध्ये मुलाचं म्हणून कराचीहून पत्र आलं. यावरून काही जण पकडले गेल्यानंतरही जिवंत होते, असं मानायला जागा आहे. 'आजही, सगळे' हे मात्र कशावरूनच निघत नाही.

आकडाही 54 वर थांबत नाही. हे 54 धरून एकूण 83 बेपत्ता, असं सरकार अलीकडे सांगतं.