तुळशीत पुरलेले कॉफीचे कप

‘कॉफी पॉडचा कचरा होतच नाही! रिकामे कप घंटागाडीत द्या, रिसायकल होतात. हिरवं पान छापलेले कप कुंडीत पुरा, दोन महिन्यांत खत! शिवाय साध्या कॉफीपेक्षा पॉडची कॉफी पर्यावरणाला बरी.’

हा फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला, चारही वेळा सोडून दिला. (पॉड म्हणजे एका वेळची कॉफी भरलेला, मशीनमध्ये घालायचा बंद चिमुकला कप.) पण सांगलीत गावभागातल्या आत्यानं तो मनावर घेतला.

आत्याचा नातू टोरांटोला असतो. दिवाळीला त्यानं कॉफीचं मशीन आणलं, सोबत हिरव्या पानाच्या पॉडचे खोके. (इथल्या विजेवर चालावं म्हणून विटेएवढा ट्रान्सफॉर्मर वेगळाच.) आत्या रिकामा झालेला कप इमानेइतबारे तुळशीत पुरत गेली. शिमग्याच्या सुमारास तुळशीनं माना टाकल्या, म्हणून मी कुंडी उपसली. सोळा कप निघाले, जसेच्या तसे. एकाला मुळांनी वेटोळं घातलेलं, आत चोथ्याला बुरशी. ‘अरे, दोन महिने कधीच झाले की,’ आत्या म्हणाली.

असल्या कपांत बहुधा पीएलए असतं, मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लॅस्टिक. ते कुजायला खतप्रकल्पातली 58 अंशांच्या आसपासची उष्णता लागते, तीही आठवडेच्या आठवडे. सांगलीचा मे कितीही भाजला तरी कुंडीतली माती तशी तापून राहत नाही. राहिलीच, तर आधी तुळस मरेल!

आता रिसायकल. साध्या कपावरच्या त्रिकोणातला 5 एवढंच सांगतो की हे पॉलिप्रोपिलीन नावाचं प्लॅस्टिक आहे. ते कुणी घेईल असं नाही. खुद्द कॅनडात जानेवारी 2022 मध्ये पॉड विकणाऱ्या ‘केयुरिग’ कंपनीला 30 लाख कॅनेडियन डॉलर दंड मान्य करावा लागला. क्युबेक आणि ब्रिटिश कोलंबिया हे प्रांत सोडता हे कप फारसे कुठल्या पालिका घेत नव्हत्या, आणि जाहिरात मात्र रिसायकलची. मग आपला भंगारवाला काय घेणार? मी विचारलं. त्यानं कप उलटा करून चोथा माझ्याच पायरीवर झटकला आणि कप परत दिला.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. पॉडमध्ये कॉफी मोजूनमापून लागते, त्यामुळे 2023 मध्ये क्युबेकच्या संशोधकांच्या हिशोबात तिचं कार्बन उत्सर्जन फिल्टर कॉफीपेक्षा कमी भरलं. पण त्याच हिशोबात सगळ्यात कमी भरली ती साधी इन्स्टंट, तेही पाणी बेतानं उकळलं तर. फॉरवर्डवाल्यानं नेमकी ती ओळ गिळली.

मशीनला बसणारा, पुन्हा भरता येणारा स्टीलचा कप मागवलाय. तोवर आत्या इन्स्टंटवर आहे. सोळा कप धुऊन माझ्या गॅलरीत पिशवीत ठेवलेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं पत्ता कळवावा, पोचते करतो.