लोक आणि लोकसभा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपला आक्षेप असा, की एकाही मतदाराने निवडून न दिलेल्या न्यायाधीशांनी संसदेची घटनादुरुस्ती रद्द करणे म्हणजे लोकांचे सार्वभौमत्व न्यायालयाच्या स्वाधीन करणे होय. यात ‘लोक’ आणि ‘लोकसभा’ हे शब्द आपण एकाच अर्थाने योजले आहेत. माझा मतभेद नेमका तेथे आहे.

३९वी घटनादुरुस्ती पाहा. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीतील निवड रद्द ठरवली आणि त्यावरील अपिलाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात ११ ऑगस्टला व्हायची होती. आणीबाणीत विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात असताना ७ ऑगस्टला लोकसभेने आणि ८ ऑगस्टला राज्यसभेने ही दुरुस्ती संमत केली, राज्यांची मान्यताही लगोलग मिळाली, आणि १० तारखेला, म्हणजे सुनावणीच्या आदल्या दिवशी, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेली. कागदोपत्री सगळे यथासांग. पण यातले रायबरेलीच्या मतदाराने काय मागितले होते? आपले मत नियमाने मोजले गेले की नाही, हे तपासून घेण्याचा त्याचा मार्गच त्याच्या प्रतिनिधींनी बंद केला होता. घटनेचा गाभा संसदेलाही दुरुस्तीने बदलता येत नाही, या १९७३च्या केशवानंद भारती निकालातील मूलभूत संरचनेच्या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरला ती तरतूद रद्द केली.

न्यायालयाला मी देव्हाऱ्यात बसवतो आहे, असे मात्र समजू नये. त्याच निकालात निवडणूक कायद्यातील पूर्वलक्षी बदल मान्य करून इंदिराजींची निवड वैध ठरवली गेली. आणि सहा महिन्यांच्या आत, आणीबाणीतील स्थानबद्धतेविषयीच्या जबलपूर खटल्यात, न्या. खन्ना यांचा अपवाद वगळता, घटनापीठाने स्थानबद्धांना दाद मागण्याचे दारच लावून घेतले. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी संसदेने आणलेला न्यायिक नियुक्ती आयोग रद्द करणाऱ्या २०१५च्या निकालाबाबत तर मी बराचसा आपल्याच बाजूचा आहे, कारण न्यायाधीशांनीच न्यायाधीशांच्या नेमणुकीचा अधिकार राखून ठेवणे हे आपल्या हाताने आपल्याच पानात वाढून घेण्यासारखे आहे.

शेवटचा शब्द कोणाचा, असेही आपण विचारले आहे. लोकसभेची मुदत लांबवूनही अखेर मार्च १९७७मध्ये निवडणूक झाली तेव्हा ज्यांच्या याचिकेवरून इंदिराजींची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती, त्या राजनारायण यांनाच रायबरेलीने निवडून दिले. ३९व्या दुरुस्तीने घातलेल्या ज्या ३२९-अ कलमातील एक खंड न्यायालयाने रद्द केला होता, ते उरलेले कलमही पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने वगळले गेले, आणि ते लोकांनी निवडलेल्या नव्या संसदेने वगळले.