दाबोळीचा प्रश्न विचारायचा कुणाला?

मोपाचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून गोव्यात एकच प्रश्न आलटून पालटून विचारला जातो: दाबोळीचा जुना विमानतळ बंद होणार का? ग्रामसभांत, टॅक्सीचालकांच्या बैठकांत आणि विधानसभेतही तो विचारून झाला आहे, आणि "बंद होणार नाही" हेच उत्तर मिळाले आहे. त्या उत्तरावर फारसा कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. माझ्या मते हा अविश्वास रास्त आहे; मात्र त्याचे कारण कुणा मंत्र्याच्या शब्दात न शोधता कायद्याच्या रचनेत शोधले पाहिजे. ज्या राज्य सरकारला आपण हा प्रश्न विचारतो, त्याला दाबोळीविषयी निर्णय घेण्याचा अधिकारच नाही, आणि मोपाच्या उत्पन्नात मात्र त्याचा वाटा ठरलेला आहे. ज्यांना खरोखर अधिकार आहे, त्यांच्यापैकी कुणावरही गोमंतकीयांचे म्हणणे ऐकून कारणांसह लेखी निर्णय देण्याचे बंधन नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीची 29 वी नोंद विमाने, हवाई मार्ग, विमानतळांची उभारणी आणि हवाई वाहतुकीचे नियमन हे सगळे विषय केंद्राकडे सोपवते. गोव्याच्या विधानसभेने दाबोळी चालू ठेवण्याचा ठराव एकमताने संमत केला, तरी तो विनंतीपलीकडे जात नाही. हे आपल्या आमदारांना ठाऊक नसेल असे मी मानत नाही. तरीही सभागृहात आश्वासने दिली जातात आणि वर्तमानपत्रांत ती ठळक मथळ्याने छापली जातात, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता दाबोळीची कायदेशीर अवस्था पाहू. पोर्तुगीज राजवटीने 1950 च्या दशकात बांधलेल्या या विमानतळावर डिसेंबर 1961 मध्ये भारतीय हवाई दलाने बॉम्बफेक केली आणि मुक्तीनंतर 1962 मध्ये तो नौदलाच्या ताब्यात आला. तेव्हापासून तो नौदलाचा हवाई तळ आहे, आयएनएस हंसा. आपण ज्याला दाबोळी विमानतळ म्हणतो, ते त्या तळावर नागरी प्रवाशांसाठी दिलेले आवार आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या 1994 च्या कायद्यात त्याला 'सिव्हिल एन्क्लेव्ह' म्हटले आहे: सशस्त्र दलाच्या विमानतळावर प्रवासी, सामान आणि मालवाहतूक यांच्यासाठी वाटून दिलेली जागा. 2013 मध्ये उद्घाटन झालेली टर्मिनलची इमारत प्राधिकरणाची आहे, धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाकडे आहे. नौदलाच्या प्रशिक्षण उड्डाणांमुळे सकाळच्या वेळेत नागरी विमानांवर येणारी बंधने वर्षानुवर्षे याच कारणाने चालत आली. संरक्षणाची गरज मी कमी लेखत नाही. पण एका राज्याच्या मुख्य विमानतळाची नागरी वाहतूक संरक्षण खाते आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालय यांच्यातील समजुतीवर उभी असेल, तर त्या समजुतीला काही वैधानिक आधार आणि मुदत असायला हवी होती.

मोपाची गोष्ट उलट आहे. पेडणे तालुक्यातल्या त्या पठाराची जमीन राज्य सरकारने संपादन केली. तिथल्या काजूच्या बागा आणि धनगरांच्या वस्त्या त्या संपादनात गेल्या, आणि त्याविषयीच्या तक्रारी अजून पुरत्या मिटलेल्या नाहीत. 2016 मध्ये राज्य सरकारने जीएमआर समूहाच्या कंपनीशी सवलत करार, म्हणजे विमानतळ बांधून चालवण्याचा हक्क देणारा करार, केला. पर्यावरणीय मंजुरीतील उणिवांवरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये ती मंजुरी स्थगित केली आणि जानेवारी 2020 मध्ये अटी घालून स्थगिती उठवली. 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून नियमित उड्डाणे सुरू झाली. यातला मुद्द्याचा भाग करारात आहे: सुरुवातीची सूट असलेली वर्षे संपल्यावर विमानतळाच्या एकूण महसुलाचा 36.99 टक्के हिस्सा राज्य सरकारला मिळायचा आहे. मोपाला येणारा प्रत्येक जादा प्रवासी राज्याच्या तिजोरीत भर घालणार आहे. दाबोळीला उतरणारा प्रवासी तशी भर घालत नाही, कारण तिथले उत्पन्न केंद्राच्या प्राधिकरणाचे. यात कुणी गैर काही केले असे मला म्हणायचे नाही, राज्याने आपल्या जमिनीचा मोबदला मागणे योग्यच होते. मात्र ज्याचा एका दुकानात वाटा आहे त्याने समोरच्या दुकानाच्या भरभराटीची हमी द्यावी, तशी ही परिस्थिती आहे.

दाबोळीच्या भवितव्याबद्दल जो काही अधिकृत निर्णय झाला, तो केंद्रीय मंत्रिमंडळाचा. 2000 मध्ये मोपाला तत्त्वतः मंजुरी देताना दाबोळीची नागरी वाहतूक थांबवण्याची अट घातली होती. 2010 मध्ये ती बदलून दोन्ही विमानतळ चालू ठेवण्याचे ठरले. आपली सगळी आश्वासने या 2010 च्या निर्णयावर टेकलेली आहेत. मंत्रिमंडळाचा निर्णय दुसऱ्या बैठकीत फिरवता येतो, हे 2000 आणि 2010 या दोन तारखांनीच दाखवून दिले आहे. शिवाय विमानतळ 'बंद' करण्यासाठी आदेश लागतोच असेही नाही. 2024 मध्ये कतार एअरवेजने आपली दोहा सेवा दाबोळीहून मोपाला नेली, तेव्हा सासष्टी आणि मुरगाव तालुक्यांतून आखातात नोकरीला जाणाऱ्या कुटुंबांचा विमानतळाचा रस्ता एकाएकी लांबला. कंपनीने आपल्या सोयीने ठरवले, तिला तो अधिकार आहे. पण अशी सेवा एकामागून एक हलत गेली, तर दाबोळी नावापुरती उरेल, आणि तरीही "बंद होणार नाही" हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरेच राहील.

अशा वेळी कोणत्याही प्रौढ नियमन व्यवस्थेत एखादी स्वतंत्र संस्था असते, जी दोन्ही बाजू ऐकते. आपल्याकडे तशी संस्था घडवण्याची संधी अलीकडेच येऊन गेली. 1934 चा विमान कायदा रद्द करून संसदेने भारतीय वायुयान अधिनियम, 2024 संमत केला आणि 1 जानेवारी 2025 पासून तो लागू झाला. त्यात काही चांगल्या गोष्टी जरूर आहेत: विमानांच्या आरेखनाचे नियमन कायद्याच्या कक्षेत आले, वैमानिकांच्या रेडिओ परवान्याची परीक्षा दूरसंचार खात्याकडून विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आली, दंडाविरुद्ध दुसऱ्या अपिलाची पायरी मिळाली. पण सांगाडा जुनाच राहिला. महासंचालनालय, सुरक्षा ब्युरो आणि अपघात अन्वेषण ब्युरो या तिन्ही संस्थांना 2020 च्या दुरुस्तीने वैधानिक दर्जा दिला होता. तो कायम आहे आणि त्याबरोबर केंद्र सरकारची त्यांच्यावरील देखरेखही कायम आहे. महासंचालनालयाच्या आदेशाविरुद्धचे अपील केंद्र सरकारकडेच जाते. दूरसंचार क्षेत्रात 1997 पासून ट्राय ही नियामक संस्था आहे आणि तिच्या निर्णयांविरुद्ध स्वतंत्र अपील न्यायाधिकरण आहे; विमान वाहतुकीत मात्र नियम करणारा, परवाना देणारा, चौकशी करणारा आणि अपील ऐकणारा हे सगळे एकाच मंत्रालयाच्या छपराखाली आहेत.

याचा परिणाम काय होतो ते डिसेंबर 2025 मध्ये सगळ्या देशाने पाहिले. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास करणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणणारे नियम दिल्ली उच्च न्यायालयातील दीर्घ लढ्यानंतर टप्प्याटप्प्याने लागू झाले होते. देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची तयारी नव्हती, हजारो उड्डाणे रद्द झाली, ऐन पर्यटन हंगामात गोव्यातही प्रवासी अडकले, आणि काही दिवसांतच त्या कंपनीला नियमांतून तात्पुरती सवलत देण्यात आली. अडकलेल्या प्रवाशांना दिलासा हवाच होता. पण सुरक्षेसाठी केलेला नियम गर्दीच्या दबावाखाली सैल होतो, तेव्हा नियामकाला स्वतःचा कणा नसल्याचे उघड होते, आणि ज्या नियामकाला वैमानिकाच्या झोपेचा नियम टिकवता येत नाही, तो दोन विमानतळांतल्या वाहतुकीच्या समतोलाबद्दल ठाम भूमिका घेईल अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

जमिनीवरच्या माणसावर मात्र हेच कायदे अगदी सेंटिमीटरच्या हिशेबाने लागू होतात. दाबोळीजवळच्या चिखलीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला घरावर एक मजला चढवायचा होता. पंचायतीने आधी उंचीचा ना हरकत दाखला मागितला. 2015 च्या उंची निर्बंध नियमांनुसार विमानतळाच्या संदर्भ बिंदूपासून 20 किलोमीटरच्या वर्तुळात बांधकामांची उंची नियंत्रित होते. नागरी विमानतळाच्या बाबतीत दाखला प्राधिकरण देते, संरक्षण दलाच्या विमानतळाच्या बाबतीत संबंधित दल देते. अर्जासोबत जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा प्रमाणित दाखला लागतो, आणि मिळणारी मर्यादाही समुद्रसपाटीपासूनच मोजलेली असते. म्हणजे खाडीकाठच्या घराला जिथे चार मजले मिळतात, तिथेच थोड्या अंतरावर टेकाडावरच्या घराला दोनही कठीण होतात, कारण टेकाडाची उंची आधीच हिशेबात धरली जाते. पाण्याची टाकी, वीजरोधक दांडा आणि अँटेना हेही त्याच मर्यादेत बसवायचे असतात. मावसभावाने हे सगळे निमूटपणे केले. धावपट्टीच्या वाटेत अडथळा नको, हे त्याला पटते. मोपाभोवतीचे असेच वर्तुळ तर राज्याची सीमा ओलांडून सिंधुदुर्गात शिरते, आणि तिथल्या किती घरमालकांना त्याची कल्पना आहे, हा प्रश्नच आहे.

तीच गोष्ट कचऱ्याची. 1937 च्या विमान नियमांतील नियम 91 नुसार विमानतळापासून 10 किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा टाकण्यास मनाई आहे, आणि त्यात मटणाच्या व मासळीच्या दुकानांतल्या टाकाऊ पदार्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. वास्कोसारख्या मासळीवर जगणाऱ्या शहरात हा नियम किती जणांना माहीत असेल? नियमामागचे कारण काल्पनिक नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये दाबोळीहून उडालेले नौदलाचे मिग-29के प्रशिक्षण विमान पक्ष्यांची धडक बसून वेर्णे परिसरात कोसळले. दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले. तेव्हा विमानतळाच्या शेजाऱ्यांनी आपली घरे, कचरा आणि बाजार या नियमांत बसवावेत, ही अपेक्षा मला मान्य आहे. त्या बदल्यात त्या विमानतळाचे पुढे काय होणार हे त्यांना अधिकृतपणे सांगितले जावे, एवढी अपेक्षा त्यांनी ठेवली तर ती जास्त कशी?

एका ठिकाणी मात्र कायद्याने सामान्य माणसाला दार उघडे ठेवले आहे, आणि आपण त्याकडे फिरकत नाही. तिकिटाचे तपशील उघडून पाहा: मूळ भाडे, इंधन अधिभार, सुरक्षा शुल्क, जीएसटी आणि त्यांच्यामध्ये 'यूडीएफ' ही एक ओळ. हे वापरकर्ता विकास शुल्क विमानतळ आपल्या मर्जीने ठरवत नाही. 2008 च्या कायद्याने स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे एईआरए, ते पाच वर्षांच्या कालखंडासाठी ठरवते. त्याआधी सल्लामसलतीचा कागद प्रसिद्ध होतो, बैठक होते, हरकती मागवल्या जातात, आणि अंतिम आदेशात त्या हरकतींना उत्तर द्यावे लागते. हा आदेश न पटल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणात जाता येते. विमानतळावरच्या महागड्या चहाबद्दल आपण समाजमाध्यमांवर पुष्कळ लिहितो. पण 2016 च्या राष्ट्रीय धोरणानुसार दुकाने, पार्किंग यांसारख्या उत्पन्नाच्या 30 टक्के रकमेतून विमानसेवांच्या शुल्काचा भार हलका करायचा असतो, आणि तो हिशेब बरोबर मांडला आहे की नाही हे याच कागदांत तपासता येते. विमान कंपन्या आणि विमानतळचालक तिथे वकिलांसह हजर असतात. गोव्यातल्या प्रवासी संघटना, पंचायती, पर्यटन व्यावसायिक यांनीही तिथे मराठीत, कोकणीत, इंग्रजीत, कशातही लिहावे.

एईआरएचा अधिकार दरांपुरता आहे. कोणते विमान कुठे उतरेल हे ती ठरवत नाही. पण दोन्ही विमानतळांचे अंदाजित प्रवासी किती, याची चर्चा तिला करावीच लागते, कारण त्याशिवाय दर काढता येत नाही. मोपाच्या अंदाजात दाबोळीची वाहतूक किती वळेल असे धरले आहे, हे वाचले तर मंत्र्यांच्या आश्वासनापेक्षा अधिक विश्वासार्ह माहिती हाती येईल.

बाजाराला ठरवू द्या, चांगला विमानतळ टिकेल, असे म्हणणारे मित्र मला आहेत. दोन्ही विमानतळ समान पायावर उभे असते तर मी त्यांच्याशी सहमत झालो असतो. पण एकाकडे चोवीस तास मोकळी धावपट्टी आहे आणि राज्य सरकार भागीदार आहे, तर दुसऱ्याच्या वेळा नौदलाच्या सरावावर अवलंबून आहेत आणि त्याच्या बाजूने करारात सही करणारे कुणीच नाही. उत्तरेला सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ धरला तर शंभर किलोमीटरच्या आत तीन विमानतळ आहेत, आणि चिपीची नियमित सेवा कशी अडखळत चालली ते सिंधुदुर्गकरांना विचारावे.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार आहेत. पुढच्या अधिवेशनात त्यांनी तीन प्रश्न लेखी विचारावेत: 2010 चा मंत्रिमंडळाचा निर्णय आजही जसाच्या तसा लागू आहे का, दाबोळीच्या नागरी आवाराबाबत नौदल आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्यातील व्यवस्थेची मुदत किती, आणि मोपाच्या सवलत करारात दाबोळीच्या वाहतुकीसंबंधी कोणती अट आहे का. सभागृहातल्या तोंडी आश्वासनाला बगल देता येते. लेखी प्रश्नाच्या उत्तराची संसदेच्या कामकाजात नोंद राहते, आणि ते जाणूनबुजून चुकीचे दिल्याचे निघाल्यास हक्कभंगाचा मुद्दा रीतसर मांडता येतो.