मास्तर, आ करा

मागच्या मंगळवारी फाट्यावरच्या पानठेल्यासमोर माझ्या तोंडाचा जाहीर पंचनामा झाला. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितो.

झालं एवढंच, की एका साक्षगंधाच्या पंगतीत बोलता बोलता खालचा ओठ दाताखाली सापडला. तिसऱ्या दिवशी तिथं फोड आला, मधोमध पिवळट पांढरा आणि कडेनं लालबुंद. त्याच्या शेजारी तुरीच्या दाण्याएवढं मऊ टेंगूळ, ते मात्र दुखत नव्हतं. साधं वरणही झोंबायला लागलं. वर्गात 'शेतकरी' म्हणताना माझा चेहरा असा व्हायचा, की पोट्ट्यांना तो धडाच दुःखी वाटला.

मराठीत तोंड 'येतं', हे मला लहानपणापासून कोडं आहे. होतं तिथंच तर असतं, मग येतं कुठून? पण पानठेल्याजवळ बसलेल्या काकाजींनी मी तर्री-पोह्याची प्लेट परत करताना पाहिली आणि निदान ठोकलं, "काऊन मास्तर, तोंड आलं का?"

मी मान हलवली.

"आ करा."

बावीस वर्षं पोरांना मोठ्यांचं ऐका म्हणून सांगतोय. आ केला. काकाजींनी मोबाईलची बॅटरी लावून थेट आत रोखली. "जीभ भायेर काढा. आनखी. अजून आनखी." त्यांचं स्वतःचं बोलणं अर्ध्या इंचाच्या फटीतून गाळून यायचं, पण आवाजात सिव्हिल सर्जनचा दरारा होता. मग एकदम ओरडले, "अरे बाप्पा! मांगं त गाठीच गाठी हायेत! लायनीनं! ये रे, पाह्य इकडे!"

ठेल्यावाल्यानं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, घोटायचं थांबवलं. दोन ऑटोवाले उठून आले. बाजाराची थैली घेऊन उभी असलेली एक बाई पदर तोंडाला लावून, पण नीट जवळून, बघून गेली. काकाजी मोजत होते, "सात... आठ... नऊ... हालू नका ना मास्तर, चुकते."

मोजणी संपल्यावर निकाल आला. "खर्रा सोडा आता."

"मी खर्रा खात नाही."

अख्खा ठेला हसला. विदर्भात चाळिशी उलटलेल्या पुरुषानं हे वाक्य म्हणणं म्हणजे ऑटोवाल्यानं मीटरनं चला म्हणण्यासारखं. "सारेच नाई म्हंतेत," काकाजी म्हणाले. पन्नी उलगडून त्यांनी चिमूटभर खर्रा घेतला आणि पोस्टाच्या पेटीत पत्र सारावं तसा करंगळीनं आडवा आत सारला. मग उपाय सुरू झाले. जाईचा पाला चावा. तुरटीच्या पाण्यानं गुळण्या करा. टाकणखार मधात कालवून लावा. एका ऑटोवाल्यानं बेंबीत तूप सोडायला सांगितलं. तोंडाच्या दुखण्याला बेंबी कशी लागू पडते, हे विचारायला माझं तोंड ठिकाणावर नव्हतं.

रात्री आरशासमोर बॅटरी धरून पाहिलं. गाठी होत्या! जिभेच्या मुळाशी, ओळीनं. झोप उडाली. बायकोला उठवून आ करायला लावला, तिलाही होत्या. मुलाच्याही निघाल्या. शहाण्या माणसाला इथं धीर आला असता. मला वाटलं, घरभर पसरलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "खर्रा किती वर्षांपासून?" खाता का, नाही. किती वर्षांपासून!

त्या गाठींवर ते खळखळून हसले. त्या प्रत्येकाच्याच जिभेला असतात, साधारण आठ ते बारा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मांडलेल्या. चव कळण्यासाठीच त्या आहेत. म्हणजे भर फाट्यावर माझी चव मोजली गेली होती. फोड हा चावल्याचा, आठ-पंधरा दिवसांत जातो. टेंगूळ म्हणजे ओठातली लाळेची बारीक नळी फुटून आत साचलेली लाळ. सुईनं फोडायचं नाही, बहुतेकदा आपोआप बसतं, नाहीतर छोटं ऑपरेशन. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आणि उघडायचं कमी होणारं तोंड, घाबरायचं तर याला घाबरा, म्हणाले. मला तीन बोटं उभी तोंडात घालायला लावली. सहज गेली. केसपेपर घडी करून खिशात घातला.

परतीच्या एसटीत संवाद पाठ करत आलो. काकाजी जागेवरच होते.

"काय म्हने डाक्तर?"

"सांगतो. आधी तुमी आ करा. तीन बोटं घाला."

एक गेलं. दुसरं नखापाशीच अडलं. ऑटोवाले हसले. काकाजीही हसले, जेवढी फट होती तेवढं. ठेल्यावाला मात्र मान खाली घालून खर्रा घोटत राहिला.

"मायं तोंडच लहान हाये मास्तर," काकाजी म्हणाले. "पोळी वरनात कुस्करून खातो. ठेचा त चार वर्सं झाले, लागतच नाई जिभीले. निरा आग होते."

माझा पाठ केलेला संवाद तिथंच राहिला. राज्यात गुटखाबंदी २०१२ सालची. सुपारीनं, तंबाखू नसली तरी, कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलं. आणि आमच्या फाट्यावर बसथांब्याला छप्पर नाही, खर्रा मात्र पहाटे पाचला तयार असतो. यवतमाळला माझ्यासोबत चला म्हटलं, तर काकाजी म्हणाले, "तूर निंगू द्या."

घरी येऊन केसपेपर उलगडला. 'खर्रा' या शब्दापुढे डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं होतं आणि कंसात, बारीक अक्षरात, 'असे म्हणतात'.